नोंदवहीपासून नोकरीपर्यंत : कोल्हापुरात पर्यावरणाच्या कामाला सुरुवात कशी करावी

दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी. झालेली किंवा शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली येऊ लागतात. "मॅडम, मला पर्यावरणात काम करायचंय," हे वाक्य बहुतेकांच्या तोंडी असते आणि हातातल्या फाइलमध्ये वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम, पर्यावरण दिन अशी पाच-सहा प्रमाणपत्रे असतात. मी फाइल मिटून ठेवते आणि विचारते, "केंदाळ (जलपर्णी) काढायला गेला होतात ना, मग किती ट्रॉल्या निघाले? कोणत्या काठाला जास्त होते? पुन्हा किती दिवसांनी पसरले?" यावर बहुधा उत्तर येत नाही. मुलांनी कष्ट खरेच केलेले असतात, गुडघाभर चिखलात उतरलेली असतात, पण त्यातले काहीच लिहून ठेवलेले नसते आणि म्हणून नोकरी देणाऱ्यासमोर ते कष्ट उभे करता येत नाहीत. स्वयंसेवेतून अनुभव आणि अनुभवातून नोकरी हा रस्ता खरा आहे, मी स्वतः त्याच रस्त्याने आले, मात्र तो तारीखवार नोंदींवरून जातो. पुढे जे सांगते आहे ते नव्याने येणाऱ्यांनी साधारण याच क्रमाने करावे.

पायरी पहिली : कामे कुठे आहेत ते आधी समजून घ्या

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचत आलात तर पर्यावरणाची जवळजवळ सगळी कामे वाटेत भेटतात. पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे. तिथले राधानगरी अभयारण्य, ज्याला आपण अजूनही दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य म्हणतो, १९५८ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली त्यांत ते आहे. मध्ये कोल्हापूर शहर, त्याचे तलाव, जयंती आणि दुधाळी नाले, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि पंचगंगा. त्याला लागून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्री, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणारे कारखाने. पूर्वेला इचलकरंजीचे कापड प्रोसेसिंग आणि शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी. शिवाय जिल्हाभर साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलरी.

नवख्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा फक्त जंगल असते. जंगलात कामे आहेत, पण थोडी आहेत आणि त्यांची दारे ठरलेली आहेत : वनरक्षक पदाची भरती बारावीनंतर होते आणि तिच्यात धावण्याची चाचणी असते, तर वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांसाठी राज्य लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा द्यावी लागते. जिल्ह्यातील नियमित पगाराच्या जागा मला तरी कारखान्यांतच जास्त दिसतात. जल प्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा आणि वायू प्रदूषणाचा १९८१ चा कायदा यांखाली अशा प्रत्येक उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते, त्यातील अटी पाळल्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते. ही कामे करायला माणूस लागतो. ईटीपीचा, म्हणजे कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, ऑपरेटर, प्रयोगशाळेतील केमिस्ट, पर्यावरण अधिकारी ही पदे तिथून येतात. त्यापलीकडे २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागार कंपन्या आहेत, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा आहेत, महापालिका आहे, मंडळातील क्षेत्र अधिकाऱ्याचे पद आहे आणि संशोधन किंवा निसर्गशिक्षण करणाऱ्या संस्था आहेत.

कारखान्यात काम करणे म्हणजे प्रदूषण करणाऱ्यांच्या बाजूला जाणे, असे काही मुलांना प्रामाणिकपणे वाटते. मला तसे वाटत नाही. नदीत पाणी सोडणाऱ्या पाइपाच्या आतल्या बाजूला जाणता आणि सरळ माणूस उभा असेल, तर नदीचा जेवढा फायदा होतो तेवढा घाटावरच्या शंभर फलकांनी होत नाही.

पायरी दुसरी : एक जागा धरा आणि वर्षभर तिची नोंद ठेवा

यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही आणि उद्या सकाळी सुरुवात करता येते. घरापासून चालत किंवा सायकलने जाता येईल अशी पाण्याची किंवा झाडांची एक जागा निवडा. रंकाळ्याचा संध्यामठाकडचा काठ, कळंबा तलावाची एक बाजू, कोटीतीर्थ, पंचगंगा घाटाच्या ठरावीक पायऱ्या, जयंती नाल्यावरचा एखादा पूल किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील तळे यांपैकी काहीही चालेल. दर आठवड्याला त्याच वारी, शक्यतो त्याच वेळी तिथे जा आणि दोनशे पानी वहीत लिहा.

काय लिहायचे ते पहिल्या दिवशीच ठरवून रकाने आखून घ्यावेत, कारण मध्येच रकाने बदलले की तुलना करता येत नाही. तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस, पाण्याचा रंग, वास, फेस आहे की नाही, केंदाळ काठापासून किती पावलांपर्यंत आले आहे, कोणते पक्षी किती दिसले, कचरा कोणत्या प्रकारचा आहे आणि माणसे तिथे काय करत होती, एवढे पुरे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या दिवशीची पातळी आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असतील तर किती उघडले, हेही लिहावे. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना या दोन आकड्यांचे मोल सांगावे लागणार नाही.

पक्ष्यांची नावे सुरुवातीला येत नाहीत आणि त्याने बिचकून जाऊ नये. रंकाळ्यावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी, बुडी मारून भलतीकडे वर येणारी टिबुकली, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, काठाशी पुतळ्यासारखा उभा असलेला वंचक आणि खंड्या एवढे पाच ओळखता आले तरी पहिले दोन महिने निघतात. पुढे ई-बर्ड किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर नोंदी चढवत जावे, म्हणजे जाणकार मंडळी चूक दुरुस्त करतात आणि तुमच्या नोंदींना तारखेसह सार्वजनिक पुरावा मिळतो. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते. तिच्यात भाग घेण्यासाठी कोणतीही पात्रता लागत नाही.

मी पहिल्या वर्षी घाटावर नमुन्याची बाटली घेऊन उभी राहत असे आणि वहीत असेच काहीबाही लिहीत असे. तिथे रोज पोहायला येणाऱ्या एका आजोबांनी आठवडाभर पाहिले आणि मग म्हणाले, "पोरी, पाण्याला वास कधीपासनं येतोय ते मला इचार की. बाटलीला काय म्हाईत?" त्या दिवसापासून माझ्या वहीत 'लोक काय म्हणाले' हा रकाना आला. घाटावरचे पोहणारे, मासे धरणारे, म्हशी धुणारे, नाल्याकाठी राहणाऱ्या बायका यांना पाण्यातला बदल आपल्या आधी कळतो. त्यांना मामा, काकू, मावशी म्हणून विचारावे, घाई करू नये आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

पायरी तिसरी : मोहिमेत जा, पण मोजण्याचे काम मागून घ्या

महाविद्यालयात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अशी तिची रचना असते, आणि ते तास कुठे खर्च करायचे याबद्दल कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच सुचवता येते. महाविद्यालयाबाहेर असाल तर शहरात रविवार सकाळी घाट, तलाव, गड-किल्ले स्वच्छ करणारे गट आहेत. गणेशोत्सवात इराणी खणीवर आणि विसर्जनाच्या इतर ठिकाणी मूर्तीसाठी व निर्माल्यासाठी माणसे लागतात. गावात राहणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे : २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती कोणत्या अवस्थेत आहे हे ग्रामपंचायतीत जाऊन नम्रपणे विचारावे. देवराई, जुनी झाडे, विहिरी, भाताच्या जुन्या वाणांची नावे यांची भर घालायला शिकलेल्या मुलांची तिथे गरज असते.

मोहिमेत फोटो काढायला सगळे पुढे असतात, वजन करायला कोणी नसते. ते काम तुम्ही मागून घ्या. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा ताणकाटा पिशवीत ठेवा, कचऱ्याची पोती निर्माल्य, कापड, प्लास्टिक, थर्माकोल, काच अशी वेगळी लावा, प्रत्येक पोते काट्याला अडकवा आणि आकडा लिहा. ओले पोते जड भरते, म्हणून 'ओले' की 'कोरडे' हेही लिहावे. अशा चार मोहिमांचे आकडे एका पानावर आले की त्या घाटावर नेमके काय साठते आणि कोणत्या सणानंतर साठते हे स्पष्ट दिसू लागते. मग ते पान गटाच्या प्रमुखांना आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यावे.

काम झाल्यावर पत्र लगेच मागावे. 'सहभागाबद्दल अभिनंदन' अशा छापील प्रमाणपत्रापेक्षा कोणत्या तारखांना, किती तास, नेमके कोणते काम केले हे लिहिलेले चार ओळींचे सहीचे पत्र जास्त उपयोगाचे. मी एका संस्थेकडे पाच महिने काम करूनही पत्र मागायचे राहून गेले. पुढे तिथली माणसे बदलली आणि त्या पाच महिन्यांचा एकही कागद माझ्याकडे राहिला नाही. म्हणून पत्राचा मसुदा स्वतःच लिहून न्यावा, समोरच्याचे काम सोपे होते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगते. पुराच्या किंवा नाल्याच्या पाण्यात गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय उतरू नका, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. अंगावर जखम असेल तर काठावरचे काम घ्या. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. वाहत्या पाण्याच्या काठी एकट्याने नमुने घ्यायला जाऊ नये. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नये आणि तिथून पान, पीस, दगड काहीही उचलून आणू नये. वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी पाहण्यासाठी वनविभाग स्वयंसेवकांची नोंदणी करतो, त्याची घोषणा उन्हाळ्यात लक्ष ठेवून पाहावी.

पायरी चौथी : एक मोजमाप हातात बसवा

सगळे थोडे थोडे येणाऱ्यापेक्षा एक गोष्ट बिनचूक येणारा माणूस लवकर कामाला लागतो. ती गोष्ट वनस्पती ओळखणे असू शकते, मोफत मिळणाऱ्या क्यूजीआयएस या संगणक प्रणालीवर नकाशा करणे असू शकते किंवा कचऱ्याचे वर्गीकरण असू शकते. वनस्पतींची आवड असलेल्यांना शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि त्याचे उद्यान जवळच आहे, पर्यावरणशास्त्राचा विभागही तिथेच आहे, आणि १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्ग अभ्यासाचे छोटे अभ्यासक्रम चालवते. मला पाण्याचे काम येते, म्हणून त्याचेच उदाहरण देते.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणे हे दिसायला सोपे आणि करायला कठीण काम आहे. मासे जगण्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा आपल्याकडचा निकष आहे. आंघोळीच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा असेही तो सांगतो. मोजण्यासाठी ३०० मिलिलिटरची, काचेच्या बुचाची बाटली लागते. ती पाण्याखाली तिरकी धरून हळूच भरायची, वरून थोडे पाणी वाहू द्यायचे आणि आत बुडबुडा न ठेवता बूच बसवायचे. मग जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड यांचे प्रत्येकी २ मिलिलिटर द्रावण पिपेटचे (मोजनळीचे) टोक पाण्यात बुडवून सोडायचे, बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) धरतो. नसेल तर साका पांढरा राहतो. एप्रिलमधल्या एका सकाळी, नदीचा प्रवाह जवळजवळ थांबलेला असताना, माझ्या हातातल्या बाटलीत असा पांढरा साका खाली बसत गेला आणि काठाला मेलेले मासे तरंगत होते. नेमका आकडा काढण्याची काचनळी, म्हणजे ब्युरेट, हातात घेण्याआधीच उत्तर कळले होते. तो रंग मी अजून विसरलेली नाही आणि हे काम सोडायचे नाही हे त्याच दिवशी ठरले.

त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या बाटलीत मोहरीएवढा बुडबुडा राहून गेला होता आणि मी तो कोणाला सांगितला नाही. आकडा वाढून आला. आमच्या वरिष्ठ बाईंनी शेजारच्या दोन ठिकाणांच्या आकड्यांशी तो ताडून पाहिला, मला जवळ बोलावून विचारले, आणि मी कबूल केल्यावर तो नमुना रद्द करून मला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नदीवर पाठवले. नमुना घेताना झालेली चूक नोंदीत लिहिली तर ती फक्त चूक राहते. लपवली तर तो खोटा अहवाल होतो.

पायरी पाचवी : प्रशिक्षणाची जागा मागा

नवीन शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातील अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. हे केवळ गुणांपुरते उरकून टाकू नये. विभागप्रमुखांचे शिफारसपत्र घेऊन स्वतः जागा शोधावी, आणि मागताना त्या उद्योगाचे वर्ष लक्षात ठेवावे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. ईटीपी, बॉयलरची चिमणी, राख, डिस्टिलरीचे सांडपाणी यांचे काम तेव्हाच पाहता येते, म्हणून अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवा. मे महिन्यात गेलात तर बंद यंत्रे दिसतील, अर्थात दुरुस्तीचे काम शिकायचे असेल तर तोही काळ वाईट नाही. फौंड्री वर्षभर चालू असतात आणि वापरलेल्या वाळूचे पुढे काय करायचे, धूळ कशी धरायची हे तिथले खरे प्रश्न आहेत. इचलकरंजीत रंगाचे पाणी समजते.

अर्ज एका पानाचा असावा. तुम्ही कोण, कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकता, तुम्हाला काय येते आणि तुम्ही त्यांच्यासाठी काय करून द्याल, एवढेच लिहावे. 'ईटीपीच्या आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस रोज दोनदा मोजून महिन्याचा तक्ता करून देईन' असे वाक्य वाचले की समोरचा माणूस थांबतो. (पीएच म्हणजे पाण्याची आम्लता आणि टीडीएस म्हणजे त्यात विरघळलेले क्षार.)

रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा : मला कोणाच्या हाताखाली शिकायला मिळेल, विद्यावेतन किंवा प्रवासखर्च मिळेल का, आणि बूट, हेल्मेट, चष्मा तुमच्याकडून मिळतील का. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात मी हे विचारले नाही आणि तीन महिने जुन्या फाइलींना क्रमांक घालण्यात गेले. ईटीपी मी खिडकीतून पाहिला. महिनाभरात शिकवणे सुरू झाले नाही तर स्पष्ट बोलावे आणि तरीही झाले नाही तर निघावे.

"फुकट राबून काय मिळणार?" असे घरचे विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. रविवारची स्वयंसेवा हवी तितकी वर्षे करा, पण पूर्णवेळ आणि बिनपगारी काम दोन महिन्यांपलीकडे नेऊ नका, असे मी मुलांना सांगते. ज्यांच्या घरी कमाईची गरज आहे त्यांनी तर विद्यावेतनाच्याच जागा शोधाव्यात. राज्य शासनाने २०२४ मध्ये १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांसाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. अशा योजनांत आज कोणत्या जागा आहेत याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी.

प्रशिक्षणात असताना कारखान्यातील आकडे आणि फोटो परवानगीशिवाय बाहेर देऊ नयेत. तो तुमच्यावर ठेवलेला विश्वास आहे. त्याचबरोबर, न मोजलेला आकडा कोणी लिहायला सांगितला तर लिहू नका आणि ज्या नोंदीवेळी तुम्ही हजर नव्हता तिच्यावर सही करू नका. "मी मोजलं नाही, त्यामुळं मला लिहिता येणार नाही," एवढे शांतपणे म्हणावे आणि ती गोष्ट आपल्या शिक्षकांच्या कानावर घालावी.

पायरी सहावी : नोकरीचा अर्ज

आता वही उघडा आणि तिच्यातून अर्ज लिहा. 'स्वच्छता मोहिमेत सहभाग' याऐवजी 'रंकाळ्याच्या एका काठाच्या ४६ साप्ताहिक नोंदी, केंदाळाच्या वाढीचा आलेख सोबत जोडला आहे' असे लिहिता आले पाहिजे. 'निसर्गाची आवड' याऐवजी ओळखता येणाऱ्या पक्ष्यांची संख्या लिहावी आणि ती खरी असावी, कारण मुलाखतीत खिडकीबाहेर बोट दाखवून विचारणारे लोक आहेत. ज्या पदासाठी अर्ज करता त्या उद्योगाला लागू असलेले नियम वाचून जावे. प्रयोगशाळेच्या जागेसाठी बीओडीची तपासणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून का होते, नमुना बर्फात का आणायचा, हे विचारले जाते. ईटीपीच्या जागेसाठी रात्रपाळीची तयारी आहे का, हे नक्की विचारतात. घरी आधी बोलून ठेवावे.

मूळ वही मुलाखतीला सोबत न्यावी, टंकलेली प्रत नव्हे. चिखलाचे डाग, पावसाने पसरलेली शाई, खोडून शेजारी लिहिलेला दुरुस्त आकडा आणि 'आज ताप होता, गेले नाही' अशी रिकामी राहिलेली तारीख या सगळ्यांसह ती टेबलावर ठेवावी. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एक फोन करावा आणि शक्य असेल तर सकाळी दहाच्या सुमारास स्वतः जाऊन यावे. जागा नसेल तर पुढच्या हंगामात कधी विचारू, एवढे विचारून तो महिना वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा.